रिव्ह्यू मागायला लाजू नका, पण विकत मात्र घेऊ नका



गेल्या वर्षी मे महिन्यात आमच्या पुण्याच्या बॅचमध्ये एक वॉटरप्रूफिंग कॉन्ट्रॅक्टर आले होते. १७ वर्षांचा अनुभव. गच्चीची गळती, बाथरूमचं ग्राउटिंग, बाहेरच्या भिंतींच्या भेगा, सगळी कामं करतात. हाताखाली दोन चांगले मिस्त्री आहेत. माणूस कामाला पक्का, बोलायला कमी.

चहाच्या सुट्टीत ते माझ्याकडे आले आणि म्हणाले, "सर, एक ४८ फ्लॅटच्या सोसायटीचं गच्चीचं काम हातातून गेलं. माझा रेट जास्त नव्हता. सेक्रेटरी काकांना माझं काम माहीत होतं, त्यांच्या भावाच्या घरी मीच काम केलंय. पण ते म्हणाले, तुमच्यावर माझा विश्वास आहे हो, पण कमिटीच्या मीटिंगमध्ये मी लोकांना काय दाखवू? समोर बसलेल्या प्रत्येकाने मोबाईल काढून तुमचं नाव टाकलं."

मी पण मोबाईल काढला आणि त्यांचं नाव टाकलं. चार रिव्ह्यू. त्यातले तीन पाच स्टारचे: एक मेव्हण्याचा, एक भाच्याचा, एक त्यांच्याच सुपरवायझरचा. तिघांनी लिहिलेलं एकच, "बेस्ट सर्व्हिस". आणि चौथा रिव्ह्यू एक स्टारचा: "ॲडव्हान्स घेतला आणि दहा दिवस फिरकले नाहीत."

आता तुम्हीच सांगा, त्या कमिटीतल्या माणसाने चौघांपैकी कोणावर विश्वास ठेवला असेल?

पुढचं वाक्य बोलताना त्यांनी आवाज खाली आणला. "सर, एक जण ठोक भावात पन्नास रिव्ह्यू टाकून देतो म्हणतोय. घेऊ का?"

आजचा हा लेख त्या प्रश्नाचं उत्तर आहे. रंगकाम, फरशी, प्लंबिंग, सुतारकाम, पीओपी, इलेक्ट्रिक, कोणतंही घरचं काम करणाऱ्या प्रत्येकासाठी आहे.

तोंडी प्रसिद्धी संपलेली नाही, तिची वाट बदलली आहे

बरेच जण मला सांगतात, "सर, माझी कामं ओळखीतूनच येतात, मला ऑनलाईनची गरज नाही." अर्धी गोष्ट बरोबर आहे. आजही सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कोणीतरी विचारतं, "चांगला प्लंबर आहे का कोणाकडे?" आणि कोणीतरी तुमचा नंबर टाकतं. पण पूर्वी नंबर मिळाला की लगेच फोन यायचा. आता नंबर मिळाल्यावर माणूस आधी गुगलवर नाव टाकतो, दोन मिनिटं वाचतो, मग फोन करायचा की नाही ते ठरवतो. त्या दोन मिनिटांत तुम्ही तिथे नसता. तुमच्या वतीने तुमचे जुने ग्राहक बोलत असतात. किंवा कोणीच बोलत नसतं.

आपल्या धंद्यात हे जास्त लागू का होतं? कारण ग्राहक आपल्याला घरात घेतो. मोबाईल खराब निघाला तर दुकानात परत करता येतो. अर्धवट तोडलेलं बाथरूम परत करता येत नाही. ग्राहकाच्या मनात तीन भीती असतात: हा ॲडव्हान्स घेऊन गायब होईल का, मध्येच रेट वाढवेल का, आणि काम झाल्यावर तक्रार आली तर फोन उचलेल का. तुमच्या व्हिजिटिंग कार्डावर "खात्रीशीर काम" छापून या तीन भीती जात नाहीत. तुमच्यासारख्याच कामाचा अनुभव घेतलेला दुसरा ग्राहक बोलला तरच जातात.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. रिव्ह्यू हा जाहिरातीचा भाग समजू नका. किल्ली परत देणं, राडारोडा उचलणं, बिल देणं हे जसं काम पूर्ण करण्यात येतं, तसंच रिव्ह्यू मागणं पण त्यातच येतं.

आधी पाटी नीट लावा

रिव्ह्यू मागायच्या आधी गुगल बिझनेस प्रोफाइल नीट करा. ते फुकट आहे. यात चार गोष्टी बघा.

एक, नाव. बोर्डावर आणि बिलावर जे नाव आहे तेच टाका. "अमुक वॉटरप्रूफिंग पुणे बेस्ट स्वस्त लिकेज" असं नाव लांबवू नका, ते गुगलच्या नियमात बसत नाही.

दोन, कॅटेगरी. मुख्य काम जे आहे तीच मुख्य कॅटेगरी ठेवा. सगळंच करतो म्हणणारा कशातच दिसत नाही.

तीन, भाग. तुमचं दुकान नसेल, घरातून काम करत असाल, तर घरचा पत्ता लपवता येतो आणि तुम्ही कोणत्या भागांत जाता ते टाकता येतं. असे २० पर्यंत भाग देता येतात. ज्या भागात जायला दीड तास लागतो तो भाग हौसेने टाकू नका.

चार, फोटो. इंटरनेटवरून घेतलेले चकचकीत फोटो नकोत. तुमच्या साइटचे खरे फोटो टाका: काम सुरू करण्याआधीचा, मधला आणि नंतरचा. गच्चीचं काम असेल तर पाणी भरून टेस्ट घेतानाचा फोटो सगळ्यात बोलका. फोटो टाकण्याआधी घरमालकाला विचारा, आणि नेमप्लेट किंवा घरातली माणसं दिसू देऊ नका.

गुगल स्वतः सांगतं की जवळपासच्या शोधात कोण वर दिसणार हे तीन गोष्टींवर ठरतं: शोधलेल्या गोष्टीशी तुमचं काम किती जुळतं, तुम्ही किती अंतरावर आहात, आणि तुमचं नाव किती ओळखीचं आहे. या तिसऱ्या गोष्टीत रिव्ह्यूंची संख्या आणि रेटिंग धरलं जातं. अंतर तुमच्या हातात नाही. रिव्ह्यू आहेत.

कधी मागायचा? दोनदा मागायचा

इथे बहुतेक जण चुकतात. काम संपतं, पैसे मिळतात, दुसऱ्या साइटची घाई असते. चार महिन्यांनी आठवण येते. तोपर्यंत ग्राहक तुमच्या फर्मचं नाव पण विसरलेला असतो.

पहिली वेळ म्हणजे हँडओव्हरचा दिवस. राडारोडा उचललाय, फरशीवरचे सिमेंटचे डाग पुसलेत, राहिलेली बारीकसारीक कामं संपलीत, शेवटचा हिशोब पूर्ण झालाय. त्यानंतर मागा. हिशोबाच्या आधी मागू नका, नाहीतर ग्राहकाला वाटतं की रिव्ह्यूच्या बदल्यात काहीतरी सूट मिळणार, आणि तुमची गाडी नको त्या रस्त्याला लागते.

दुसरी वेळ कामाप्रमाणे बदलते. वॉटरप्रूफिंग असेल तर पहिला मोठा पाऊस झाल्यावर. रंगकाम असेल तर एक दिवाळी गेल्यावर. प्लंबिंग असेल तर दोन महिन्यांनी. तेव्हा फोन करा आणि आधी फक्त एवढंच विचारा, "काकू, पाऊस जोरात झाला, छताला ओल दिसतेय का कुठे?" नाही म्हणाल्या तर म्हणा, "मग जमलं तर तुमच्या रिव्ह्यूमध्ये ही एक ओळ वाढवाल का?" गुगलवर आपला जुना रिव्ह्यू ग्राहकाला कधीही बदलता येतो, त्यात भर घालता येते.

"काम छान झालं" हे वाक्य कोणीही लिहू शकतं. "दोन पावसाळे झाले, एक थेंब आला नाही" हे वाक्य फक्त खरं काम केलेल्यालाच मिळतं. तुमचा स्पर्धक ते विकत घेऊ शकत नाही, कारण त्याला दोन पावसाळे थांबावं लागेल.

आणि समजा काकू म्हणाल्या, "हो, कोपऱ्यात थोडी ओल आहे," तर? मग तुम्ही रिव्ह्यू मागण्याच्या निमित्ताने एक एक स्टारचा रिव्ह्यू जन्माला यायच्या आधीच थांबवलात. उद्या माणूस पाठवा.

कसा मागायचा

प्रोफाइलमध्ये रिव्ह्यू मागण्याची लिंक आणि क्यूआर कोड तयार मिळतो. क्यूआर कोड बिलाच्या मागे छापा. लिंक व्हॉट्सॲपवर पाठवा. पण नुसती लिंक फेकू नका. आधी तोंडाने मागा, मग पाठवा. मेसेज असा असू दे:

"नमस्कार ताई, तुमच्या बाथरूमचं काम आज पूर्ण झालं. तुमचा अनुभव दोन-तीन ओळींत लिहिलात तर आम्हाला मदत होईल. अडचण काय होती, काम वेळेत झालं का, साफसफाई कशी होती, जे खरं वाटलं ते लिहा. मराठीत लिहिलं तरी चालेल. काही कमी राहिलं असेल तर तेही लिहा, किंवा मला फोन करा."

यात बघा, मी कुठेही "पाच स्टार द्या" म्हटलेलं नाही. ग्राहकाला काय लिहायचं हे सुचत नाही, म्हणून तो "नाईस वर्क" लिहून मोकळा होतो. त्याला प्रश्न दिले की तो हकीकत लिहितो. हकीकतीत "कोथरूड", "टॉयलेटची गळती", "चार दिवसांत" असे शब्द आपोआप येतात. पुढच्या ग्राहकाला नेमकं तेच वाचायचं असतं.

आणि "मराठीत लिहिलं तरी चालेल" हे वाक्य विसरू नका. कितीतरी ज्येष्ठ मंडळी केवळ इंग्रजी येत नाही म्हणून लिहायचं टाळतात.

विकत का नाही घ्यायचे

आता त्या पन्नास रिव्ह्यूंकडे येऊ. मी त्यांना "नको" म्हणालो. नियम मोडतो, एवढ्याच कारणासाठी नाही. तीन कारणं आहेत.

पहिलं, नियम. पैसे, सूट किंवा भेटवस्तू देऊन रिव्ह्यू मिळवायला गुगलची मनाई आहे. स्वतःच्या किंवा आपल्या माणसांच्या नावाने लिहिलेले रिव्ह्यूही चालत नाहीत. पकडलं गेलं की रिव्ह्यू उडतात, काही काळ नवे रिव्ह्यू घेणंही बंद होऊ शकतं. सरकारनेही यात लक्ष घातलंय. भारतीय मानक ब्युरोचं आय. एस. १९०००:२०२२ हे मानक खास ऑनलाईन रिव्ह्यूंसाठी आहे. ते रिव्ह्यू प्रसिद्ध करणाऱ्या संस्थांसाठी आहे, आणि सुरुवातीला ऐच्छिक ठेवलेलं आहे. पण दिशा कुठली आहे ते ओळखा. ग्राहकाची दिशाभूल करणं २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात बसत नाही, मग ती पत्रकातून करा नाहीतर स्टारमधून.

दुसरं, ते ओळखू येतात. एकाच आठवड्यात पन्नास, सगळे पाच स्टार, लिहिणारे देशभरातले, एकाही रिव्ह्यूत ना भाग ना कामाचं नाव. कमिटीतला रिटायर्ड बँकवाला हे पाच मिनिटांत पकडतो. मग त्याला तुमच्या खऱ्या रिव्ह्यूंवरही विश्वास उरत नाही.

तिसरं कारण मला सगळ्यात मोठं वाटतं. खोटा रिव्ह्यू तुम्हाला काही शिकवत नाही. पन्नास लोक "बेस्ट" म्हणतात आणि तुमचा मिस्त्री रोज फरशीवर डाग पाडतोय, हे तुम्हाला कळतच नाही.

याचाच एक सभ्य भाऊ पण आहे: फक्त खूश ग्राहकालाच लिंक पाठवायची, नाराज असेल त्याला गाळायचं. हे पण गुगलच्या नियमात नाही. आणि माझ्या मते ते स्वतःला फसवणं आहे. लिंक सगळ्यांना पाठवा. पाठवताना हात थरथरत असेल तर समजा त्या साइटवर अजून काम बाकी आहे.

एक स्टार आला तर

त्या कॉन्ट्रॅक्टरचा एक स्टारवाला रिव्ह्यू आठ महिने तसाच पडून होता. मी विचारलं, उत्तर का नाही दिलं? ते म्हणाले, "सर, माझी माणसं सणाला गावी गेली होती. मी काम नंतर पूर्ण केलं. त्या गृहस्थांनी शेवटचे पैसे पण उशिरा दिले. लिहू का हे?"

मी म्हटलं, यातलं खरं काय आहे? तुम्ही दहा दिवस गेला नाहीत?

"नाही गेलो."

फोन केला होता?

थोडा वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "नाही."

तिथेच उत्तर मिळालं. आधी त्यांनी त्या ग्राहकाला फोन केला, माफी मागितली, गच्ची बघून आले. मग हे लिहिलं:

"नमस्कार साहेब. तुमची तक्रार बरोबर आहे. ॲडव्हान्स घेतल्यावर दहा दिवस काम बंद राहिलं. त्याहून मोठी चूक म्हणजे मी फोन करून सांगितलं नाही. काम नंतर पूर्ण केलं, तरी तुम्हाला झालेला त्रास खरा आहे. आता काम थांबणार असेल तर आदल्या दिवशी कळवायचं, असा आम्ही नियम केला आहे. गच्चीची काहीही अडचण आली तर थेट मला फोन करा."

पैसे उशिरा दिल्याचा उल्लेख नाही. फ्लॅट नंबर नाही, फोन नंबर नाही. ग्राहकाचा हिशोब चारचौघांत काढायचा नसतो, तो बरोबर असला तरी.

उत्तर देताना एवढं पाळा: रागात असाल त्या रात्री लिहू नका, पण दोन दिवसांच्या पुढेही जाऊ नका. काय चुकलं ते मान्य करा, काय केलं ते सांगा, आणि थांबा. तुमचं उत्तर त्या एका ग्राहकासाठी कमी आणि पुढच्या शंभर वाचणाऱ्यांसाठी जास्त असतं.

आणि ज्याचं काम तुम्ही केलेलंच नाही अशा माणसाने वाईट लिहिलं तर? गुगलकडे रिपोर्ट करा आणि खाली शांतपणे लिहा, "आमच्या नोंदीत या नावाचं काम सापडत नाही. कृपया फोन करा, आम्ही बघतो." भांडू नका. रिव्ह्यू खोडायचा अधिकार आपल्याकडे नाही, पण शांत राहायचा आहे.

साधं गणित

समजा तुमच्याकडे चार रिव्ह्यू आहेत: तीन पाचचे, एक एकचा. सरासरी ४. आता समजा २३ आहेत: १८ पाचचे, ४ चारचे आणि तोच एक एकचा. बेरीज १०७, सरासरी साधारण ४.६५. एक स्टार कुठे गेला नाही, त्याचं वजन कमी झालं. वाईट रिव्ह्यूवरचा इलाज म्हणजे खरे रिव्ह्यू, आणि ते रांगेने येत राहणं. लोक तारखा पण बघतात. तीन वर्षांपूर्वीचे तीस रिव्ह्यू आणि नंतर शांतता असेल, तर माणूस विचार करतो, हा अजून धंद्यात आहे का?

रिव्ह्यू वाचा, आणि धंदा बदला

त्या कॉन्ट्रॅक्टरने मेव्हणा, भाचा आणि सुपरवायझरला त्यांचे रिव्ह्यू काढायला लावले. मग जुनी डायरी काढली, रोज दोन-तीन ग्राहकांना फोन केले. काहींनी फोन उचलला नाही, काही लिहितो म्हणाले आणि विसरले. पण दिवाळीपर्यंत वरच्या गणितातलं चित्र खरंच तयार झालं.

त्यात चार स्टारवाल्या चौघांची तक्रार जवळपास एकच होती: काम चांगलं, पण धूळ फार, जिना घाण झाला. १७ वर्षांत त्यांना हे कोणी तोंडावर सांगितलं नव्हतं. त्यांनी प्लास्टिक शीट आणि रोज संध्याकाळची सफाई ही एस्टिमेटमध्ये वेगळी ओळ म्हणून टाकली. आता ग्राहक त्या ओळीवर घासाघीस करत नाही, उलट तीच ओळ बघून खूश होतो.

तुम्ही पण महिन्यातून एकदा सगळे रिव्ह्यू वहीत उतरवा. कौतुकाचा जो शब्द वारंवार येतो, तो कोटेशनच्या पहिल्या पानावर गेला पाहिजे. तक्रारीचा जो शब्द वारंवार येतो, तो सोमवारी सकाळी टीमसमोर. आणि कोणी मिस्त्रीचं नाव घेऊन चांगलं लिहिलं असेल तर ते त्याला सगळ्यांसमोर वाचून दाखवा. बिगारी ते सुपरवायझर, सगळ्यांना कळू दे की काम कोणीतरी बघतंय.

शेवट काय झाला?

ती ४८ फ्लॅटची सोसायटी गेली ती गेलीच. त्या एक स्टारवाल्या गृहस्थांनी रिव्ह्यू बदलला नाही, तो आजही तिथे आहे. पण जानेवारीत दुसऱ्या एका सोसायटीने बोलावलं. चेअरमन बाई पहिल्याच भेटीत म्हणाल्या, "तुमचा तो एक स्टारचा रिव्ह्यू वाचला. खालचं उत्तर पण वाचलं. आम्हाला एवढंच सांगा, काम थांबणार असेल तर खरंच आदल्या दिवशी फोन येतो का?"

ते म्हणाले, "येतो." काम मिळालं.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगतो. रिव्ह्यू वाईट काम चालवत नाही. गच्ची गळत असेल तर शंभर स्टार लावले तरी ती गळणारच. रिव्ह्यू फक्त एवढंच करतो की तुमचं चांगलं काम चार घरांपुरतं राहत नाही.

या आठवड्याचा गृहपाठ

१. स्वतःच्या फर्मचं नाव दुसऱ्याच्या मोबाईलवर टाकून बघा. अनोळखी ग्राहक म्हणून वाचा.
२. नातेवाइकांचे आणि स्टाफचे रिव्ह्यू असतील तर काढायला सांगा.
३. उत्तर न दिलेल्या प्रत्येक रिव्ह्यूला उत्तर द्या, चांगल्यांना पण.
४. डायरीतले पहिले १० ग्राहक निवडा. आधी कामाची चौकशी करा, मग रिव्ह्यू मागा.
५. पुढच्या बिलबुकावर क्यूआर कोड छापायला द्या.

दहा फोन करा आणि काय अनुभव आला ते कमेंटमध्ये लिहा. किती जणांनी लिहिलं हे तर सांगाच, पण किती जणांनी "अहो, एक छोटं काम राहिलंय" म्हटलं ते आधी सांगा. मला तो आकडा जास्त महत्त्वाचा वाटतो.